जॉर्ज बूल: ‘रिकामं’ आणि ‘सांगितलंच नाही’ यांना वेगळी चिन्हं देणारा माणूस

व्हॉट्सअ‍ॅपवर एखादी लिंक आली की ती एकदा नीट वाचून बघा. बऱ्याचदा तिच्यात मध्येच एक प्रश्नचिन्ह असतं आणि त्यापुढे ‘शहर=पुणे&पान=२’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. प्रश्नचिन्हानंतरच्या या जोड्यांना यूआरएल पॅरामीटर म्हणतात. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे नाव, उजवीकडे व्हॅल्यू, आणि दोन जोड्यांच्या मध्ये &. यावरून वेबसाइटला कळतं की तुम्हाला पुण्याची यादी हवी आहे आणि तिचं दुसरं पान हवं आहे.

आता तीन लिंक डोळ्यांसमोर आणा. पहिलीच्या शेवटी ‘?शहर=पुणे’ आहे. दुसरीत ‘?शहर=’ एवढंच आहे, पुढे काही नाही. तिसरीत ‘शहर’ हा शब्दच नाही. दुसरी आणि तिसरी लिंक सारखीच आहे का? अजिबात नाही. एकाने परीक्षेला बसून कोरी उत्तरपत्रिका दिली आणि दुसरा परीक्षेलाच आला नाही, असा हा फरक आहे. पहिल्याला शून्य मिळतं, दुसऱ्यापुढे ‘गैरहजर’ लागतं. गुणपत्रिकेत या दोघांची अदलाबदल झाली तर काय गोंधळ होईल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

कोड शिकायला लागलेल्या प्रत्येकाला हा फरक कधी ना कधी छळतो. आणि त्यावर विचार करताना मला नेहमी एक माणूस आठवतो, ज्याचं नाव आपण रोज टाइप करतो पण ज्याच्याबद्दल वाचत मात्र नाही. ट्रू आणि फॉल्स या दोनच व्हॅल्यू घेणाऱ्या प्रकाराला ‘बूलियन’ म्हणतात ना, तो शब्द जॉर्ज बूल यांच्या आडनावावरून आला. गंमत म्हणजे बूल यांचं स्वतःचं काम दोन चिन्हांवर थांबलेलं नव्हतं. ते सांगण्यासाठीच हा लेख.

चांभाराचा मुलगा

बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधल्या लिंकन गावी झाला. वडील जॉन जोडे बनवायचे. पण त्यांचं लक्ष धंद्यापेक्षा दुर्बिणी आणि भिंगांमध्ये जास्त. धंदा अर्थातच बेताचा चालायचा. पोराला गणिताची गोडी मात्र त्यांनीच लावली. शाळा म्हणाल तर अगदी साधी. लॅटिन गावातल्या एका पुस्तकविक्रेत्याकडून शिकला, आणि ग्रीक, फ्रेंच, जर्मन स्वतःच पुस्तकं घेऊन. चौदाव्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचं भाषांतर केलं आणि ते गावच्या वर्तमानपत्रात छापून आलं. लगेच एका मास्तरांनी शंका काढली की एवढ्या लहान मुलाला हे जमणं शक्यच नाही. ‘कॉपी केली असेल’ हा आरोप तेव्हाही होताच म्हणायचा.

सोळाव्या वर्षी वडिलांचा धंदा बसला आणि घर चालवायची जबाबदारी जॉर्जवर आली. डॉनकास्टर इथल्या शाळेत तो शिक्षक म्हणून लागला. तिथेच १८३३ च्या सुरुवातीला, एका शेतातून चालत जाताना, त्याच्या मनात विचार आला की माणूस तर्क कसा करतो हे गणिताच्या चिन्हांत मांडता येईल. वय सतरा. हा विचार कागदावर यायला पुढे चौदा वर्षं लागली, कारण मधल्या काळात पोटापाण्याचं बघायचं होतं. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी लिंकनमध्ये स्वतःची शाळा काढली. दिवसभर मुलांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात लाग्रांज, लाप्लास यांचे ग्रंथ वाचायचे. शिकवायला कोणी नाही, यूट्यूब तर सोडाच.

केंब्रिजच्या एका गणित नियतकालिकात त्यांचे लेख छापून येऊ लागले. १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांच्या एका निबंधाला पदक दिलं. तोपर्यंत ते गावातले शाळामास्तरच होते.

१८४७ मध्ये तर्कशास्त्रावरचं त्यांचं पहिलं छोटं पुस्तक आलं. निमित्त होतं ऑगस्टस डी मॉर्गन आणि स्कॉटिश तत्त्ववेत्ते विल्यम हॅमिल्टन यांच्यातल्या एका वादाचं. हे डी मॉर्गन जन्माने आपल्याकडचे, तमिळनाडूतल्या मदुराईचे. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते. कोडिंगमध्ये ‘नॉट’ कंसात शिरलं की ‘अँड’चं ‘ऑर’ होतं हा नियम शिकला असाल, तर तो यांच्याच नावाने ओळखला जातो.

पदवीचा रकाना

आयर्लंडमध्ये तेव्हा नवी क्वीन्स कॉलेजं निघत होती. बूल यांनी प्राध्यापकपदासाठी अर्ज केला. पदवी नव्हती, कॉलेजचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. त्यांनी हे लपवलं नाही. आपण कुठल्याही विद्यापीठाचे नाही, हे अर्जात सरळ लिहून टाकलं. पदवीचा उल्लेखच टाळला असता तर वाचणाऱ्याने काहीही समजून घेतलं असतं. ‘पदवी नाही’ असं स्पष्ट लिहिल्यावर समजुतीचा प्रश्न संपतो आणि बाकीच्या गोष्टी बघाव्या लागतात. त्या बाकीच्या गोष्टी भक्कम होत्या: छापून आलेले निबंध, पदक, डी मॉर्गन यांच्यासारख्यांची शिफारस. १८४९ मध्ये कॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. आयर्लंड तेव्हा बटाट्याच्या दुष्काळातून जेमतेम बाहेर येत होतं.

कॉर्कमध्ये असतानाच त्यांनी १८५४ मध्ये आपलं मोठं पुस्तक प्रसिद्ध केलं, ‘विचाराचे नियम’ या अर्थाच्या नावाचं. आपल्या पॅरामीटरचा धागा इथे जुळतो, म्हणून इथे थोडं थांबू.

बूल यांची कल्पना अशी. एखादं अक्षर म्हणजे एक निवड, आजच्या भाषेत फिल्टर. दोन अक्षरांचा गुणाकार म्हणजे एकामागून एक दोन फिल्टर लावणं. गाईंच्या कळपातून काळ्या गाई निवडल्या आणि त्यातून पुन्हा काळ्याच निवडल्या, तर हाती तेवढ्याच गाई राहतात. म्हणजे इथे क × क = क. साध्या अंकांत असं वागणाऱ्या संख्या फक्त दोन, ० आणि १. म्हणून बूल यांनी १ म्हणजे ‘सगळं’ आणि ० म्हणजे ‘काहीच नाही’ असे अर्थ दिले. लक्षात घ्या, त्यांच्याकडे ० हेसुद्धा ठाम उत्तर आहे. निवड केली, पण हाती कोणी आलं नाही, असं ते शून्य सांगतं.

पुढे ते बायबलमधल्या खाण्यापिण्याच्या नियमाचं उदाहरण घेतात. ज्या प्राण्याचे खूर दुभंगलेले आहेत आणि जो रवंथही करतो, तो शुद्ध. शुद्ध म्हणजे क, दुभंगलेले खूर म्हणजे ख, रवंथ म्हणजे ग असं धरू. नियम झाला क = ख × ग. आता बूल उलटा प्रश्न विचारतात: यावरून रवंथ करणाऱ्यांबद्दल काय सांगता येईल? आणि शाळेतल्या बीजगणितासारखं बिनधास्त भागाकार करून टाकतात, ग = क ÷ ख. मग क आणि ख यांच्या जागी ० आणि १ घालून चारही शक्यता तपासतात.

प्राणी शुद्ध आहे आणि खूर दुभंगलेले आहेत: १ ÷ १, म्हणजे १. असे सगळे प्राणी रवंथ करतात.

शुद्ध नाही, पण खूर दुभंगलेले आहेत, जसं डुक्कर: ० ÷ १, म्हणजे ०. यातला एकही रवंथ करत नाही. नक्की.

शुद्ध नाही आणि खूरही दुभंगलेले नाहीत: ० ÷ ०. गणिताच्या बाई इथे लाल शेरा मारतील. बूल म्हणतात की याचा अर्थ ‘ठरवता येत नाही’ असा घ्यायचा. काही असतील, सगळे असतील किंवा एकही नसेल. दिलेल्या माहितीत ते सांगितलेलं नाही. आणि खरंच तसं आहे. त्या नियमाच्या हिशेबात उंट आणि घोडा दोघेही याच गटात येतात. उंट रवंथ करतो, घोडा करत नाही.

शेवटी, प्राणी शुद्ध आहे पण खूर दुभंगलेले नाहीत: १ ÷ ०. असा प्राणी असूच शकत नाही. हा गट रिकामाच असला पाहिजे, कारण तो असला तर मूळ नियमच मोडतो.

मला हे पान फार आवडतं. ज्या माणसाच्या नावाने आपण ‘दोनच व्हॅल्यू’ असं म्हणतो, त्याच्या वहीत उत्तरांची चार चिन्हं होती: आहे, नाही, सांगितलेलं नाही, आणि अशक्य. त्यांनी वेब पाहिलं नव्हतं हे उघड आहे, ही जोडणी माझी आहे. पण यूआरएल पॅरामीटर हातात आला की याच चार शक्यता समोर असतात. ‘शहर=पुणे’ आलं, ‘शहर=’ रिकामं आलं, ‘शहर’ आलंच नाही, किंवा ‘पान=-५’ असं काहीतरी अशक्य आलं.

दोनच खोके ठेवले की काय होतं

आता कोडकडे. जावास्क्रिप्टमध्ये यूआरएलसर्चपॅराम्स नावाची सोय आहे. तिच्या ‘गेट’ला ‘शहर’ विचारलं आणि लिंकमध्ये ‘शहर=’ असेल, तर रिकामी स्ट्रिंग मिळते. ‘शहर’ नसेलच तर ‘नल’ मिळतं. म्हणजे ब्राउझर फरक राखून देतो. तो आपणच पुढच्या ओळीत पुसतो. कारण आपण लिहितो ‘इफ शहर’, आणि ‘इफ’ला कळतात फक्त ट्रू आणि फॉल्स. रिकामी स्ट्रिंग, नल, अनडिफाइन्ड, आकडा शून्य, हे सगळे एकाच फॉल्सच्या खोक्यात जातात.

दोन उभ्या दांड्यांचं चिन्ह, ||, तसंच वागतं. गुणांची व्हॅल्यू आकड्यात बदलून तुम्ही ‘गुण || गैरहजर’ असं लिहिलंत, तर शून्य मिळालेला मुलगा गैरहजर दिसेल. म्हणून जावास्क्रिप्टच्या २०२० च्या आवृत्तीत दोन प्रश्नचिन्हांचं ?? आलं. ते फक्त नल आणि अनडिफाइन्डला ‘नाही’ मानतं, शून्य आणि रिकामी स्ट्रिंग जशीच्या तशी ठेवतं. पण त्याच्यावरही डोळे झाकून विसंबू नका. आकड्यात बदलण्यासाठी जे ‘नंबर’ वापरतो, ते रिकाम्या स्ट्रिंगचं शून्य करतं आणि नलचंही शून्यच करतं! म्हणजे ?? पर्यंत पोहोचायच्या आधीच गैरहजर मुलाला शून्य गुण मिळालेले असतात. आधी व्हॅल्यू तपासायची, मग आकड्यात बदलायची, हा क्रम चुकला की पुढचं सगळं चुकतं.

भाड्याच्या घरांच्या एका साइटवर मी हे स्वतः अनुभवलंय. ‘जास्तीत जास्त भाडं’ हा रकाना मोकळा सोडून शोधलं की एकही घर सापडायचं नाही. मोकळा सोडलेल्या रकान्याचा अर्थ बहुतेक तिथे ‘जास्तीत जास्त ० रुपये’ असा लागत असावा. फुकट घर कोण देणार?

असा मोकळा रकाना येतो कुठून, तेही बघा. वेबपेजवरच्या फॉर्ममध्ये नावाचा रकाना काही न लिहिता सोडला आणि फॉर्म पाठवला, तरी ‘नाव=’ असं रिकामं जातंच. पण चेकबॉक्सवर टिक केलं नाही तर त्याचं नावसुद्धा जात नाही. म्हणजे ‘मला जाहिरातीचे मेसेज नकोत’ म्हणून कोणी टिक काढली, आणि दुसऱ्या कोणाला तो चेकबॉक्स दिसलाच नाही, तर सर्व्हरला दोन्ही सारखेच दिसतात. अगदी बूल यांच्या ०/० सारखं. यावर जुना तोडगा असा की चेकबॉक्सच्या आधी त्याच नावाचा एक लपलेला रकाना ठेवायचा, ज्याची व्हॅल्यू ० असेल. मग टिक नसली तरी ० जातं आणि सर्व्हरला कळतं की प्रश्न विचारला होता, उत्तर ‘नाही’ आलं.

पीएचपी शिकत असाल तर ‘इसेट’ आणि ‘एम्प्टी’ एकाच अर्थाने वापरू नका. ‘शहर=’ आलं तर ‘इसेट’ हो म्हणेल. ‘एम्प्टी’ मात्र रिकाम्याला, गायबला आणि ‘०’ या अक्षरालाही रिकामंच ठरवेल. पायथॉनमध्ये यूआरएल फोडणारं ‘पार्स-क्यूएस’ तर रिकामे पॅरामीटर मुळात गाळूनच टाकतं. ते हवे असतील तर तसं वेगळं सांगावं लागतं. प्रत्येक भाषेचा स्वभाव निराळा.

सगळ्यात धोकादायक जागा म्हणजे डिलीट. समजा कोड असं आहे की ‘ज्यांचा क्रमांक अमुक आहे त्या नोंदी पुसा’. क्रमांक आलाच नाही, अनडिफाइन्ड राहिला. काही लायब्रऱ्या अनडिफाइन्ड अट सरळ वगळतात. उरतं काय? ‘नोंदी पुसा’. सगळ्या. इथे ‘सांगितलं नाही’ याचा अर्थ ‘सगळं’ असा झाला. बूल यांनी ०/० चा अर्थ ‘काही, सगळे किंवा एकही नाही’ असा का ठेवला, ते इथे चांगलं कळतं. त्यातलं एक आपल्या मनाने निवडणं म्हणजे जुगार.

पावसातला तास

१८५५ मध्ये बूल यांनी मेरी एव्हरेस्ट यांच्याशी लग्न केलं. आडनाव ओळखीचं वाटलं ना? भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट हे मेरीचे काका. शिखराला नाव त्यांचंच. मेरी स्वतः गणिताच्या चांगल्या जाणकार होत्या. बूल यांच्या विचारांवर काकांमार्फत भारतीय तत्त्वज्ञानाचा प्रभाव पडला होता, असं त्यांनी पुढे लिहिलंय. वाचायला छान वाटतं, पण त्याला भक्कम पुरावा मिळत नाही. तेव्हा ‘कॉम्प्युटरचं लॉजिक भारताने दिलं’ असा फॉरवर्ड कृपया यावरून बनवू नका.

त्यांना पाच मुली झाल्या. १८६४ च्या नोव्हेंबरमध्ये घरापासून कॉलेजपर्यंत साधारण तीन मैल ते भर पावसात चालत गेले आणि ओल्या कपड्यांतच तास घेतला. ताप आला, फुप्फुसांवर गेला. ज्याने आजार झाला त्यानेच तो बरा होतो या समजुतीतून मेरी यांनी त्यांना ओल्या कपड्यांत गुंडाळलं, असं सांगतात. ८ डिसेंबर १८६४ रोजी ते वारले. वय ४९.

थोरली मुलगी मेरी एलन हिच्या वंशातला एक माणूस तुम्हाला माहीत आहे: एआयमधल्या कामासाठी २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले जेफ्री हिंटन हे बूल यांचे खापरपणतू. दुसरी एक मुलगी, अ‍ॅलिशिया, कॉलेजात न जाता चार मितींच्या आकृत्यांवर संशोधन करून गेली. घराण्याचा गुणच दिसतो.

बूल यांच्या मागे त्यांच्या बीजगणिताची साफसफाई झाली. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांना तो भागाकार आणि ते ०/० पटत नव्हतं. त्यांनी आणि त्यांच्यानंतरच्यांनी ते काढून टाकलं. खरं सांगायचं तर गणित त्याने सुटसुटीत झालं, तक्रार नाही. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एमआयटीच्या प्रबंधात दाखवलं की रिले आणि स्विच यांची जोडणी या बीजगणिताने मांडता येते. स्विच चालू किंवा बंद. तिथे ‘सांगितलं नाही’ असा तिसरा प्रकार लागत नव्हता. तुमच्या फोनमधली चिप आजही त्याच हिशेबाने चालते. पण माणसांनी भरलेले फॉर्म आणि पाठवलेल्या लिंक स्विचसारख्या नसतात, म्हणून भाषांना ‘नल’ आणि ‘अनडिफाइन्ड’ पुन्हा आणावे लागले.

तुमच्या पानावर करून बघा

एखादं छोटं पान बनवलं असेल, तर त्याला या चार लिंक देऊन बघा. ‘?शहर=पुणे’: पुण्याची यादी आली पाहिजे. ‘?शहर=’: माणसाने रकाना मोकळा सोडलाय, त्याला ‘शहर निवडा’ असं सांगायचं की सगळी शहरं दाखवायची हे तुम्ही ठरवा, पण ठरवून करा. ‘शहर’ नसलेली लिंक: बहुधा कोणी पहिल्यांदाच पान उघडलंय, त्याला नेहमीचं पहिलं पान द्या, एरर तोंडावर मारू नका. आणि ‘?शहर=पुणे&पान=-५’: हा १ ÷ ० चा प्रकार. इथे गुपचूप पहिलं पान दाखवण्यापेक्षा ४०० क्रमांकाची एरर आणि सोबत साध्या मराठीत एक ओळ देणं मला बरं वाटतं. पाचवी लिंकही जमल्यास तपासा, ‘?शहर’ एवढीच, बरोबरचं चिन्ह नसलेली. यूआरएलसर्चपॅराम्स तिला रिकामीच मानतं, गायब नाही.